कर्नलला ठिगळ

कर्नलमध्ये मला एक भोक सापडलं, आणि आनंदाच्या भरात मी ते जेवणाच्या टेबलावर बोलून गेलो. इथून सगळं बिघडायला सुरुवात झाली.

सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. "अगंबाई! गोळी लागली की काय त्यांना?"

आमच्या सासूबाईंची ठाम समजूत आहे की मी लष्करात कुणा कर्नलच्या हाताखाली आहे आणि खातं गुप्त असल्यामुळे मला गणवेश मिळत नाही. मी त्यांना एकदा नीट बसवून समजावलं होतं, की संगणकाच्या आत, पडद्यावर न दिसणारी पण जिच्यावाचून पडदाही दिसणार नाही अशी जी मूळ व्यवस्था असते, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाल्या, "बोलायची मनाई असेल गं बिचाऱ्यांना."

त्यामुळे भोक म्हणजे काय हे सांगणं आलं. आमची कंपनी राउटर, म्हणजे घरोघरी नेट पोचवणारी यंत्रं, बनवते. नेटवरून जे काही येतं-जातं ते तुकड्यातुकड्यांनी. कर्नल आलेले तुकडे बाजूला ठेवतो, सगळे जमले की जोडतो आणि पुढे पाठवतो. माझ्या लक्षात असं आलं, की कुणी नुसते पहिलेच तुकडे पाठवत राहिला आणि शेवटचा कधी पाठवलाच नाही, तर आमच्या कंपनीचा कर्नल इतका सज्जन, की वाट बघत बसतो. तुकड्यांचा ढीग वाढतो आणि शेवटी त्याचा सगळा वेळ 'यातला कोण कुणाचा' हे हुडकण्यात जातो. यंत्र बंद पडत नाही. दिवे लुकलुकत राहतात. फक्त ते कुणालाही उत्तर देत नाही. कचेरीत एखाद्या दाखल्यासाठी गेलेल्या माणसाला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

"मग आता?" बायकोने विचारलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिचा कुठलाही प्रश्न मला तोंडी परीक्षेतला वाटतो.

"दोन ओळींचं काम आहे. ढीग ठरावीक मापाच्या वर गेला की जुने तुकडे फेकून द्यायचे. बस्स."

"मग फेका आणि भाजी वाढून घ्या."

मेहुणी हसली. ती नकाशे काढते. तिच्या कंपनीने नकाशांचा विभागच बंद केला तेव्हापासून ती आमच्या आतल्या खोलीत राहून जगभर अर्ज करत होती. "भावोजी, तुम्ही बारा महिने त्या कर्नलला ठिगळं लावता. नवा का नाही घेत?"

मी भाजी वाढून घेतली. ज्या घरात माणसाच्या बुद्धीची किंमत प्रिंटर चालू होतो की नाही यावर ठरते, तिथे गप्प बसण्यातच प्रतिष्ठा असते.

ऑफिसात मात्र माझं कौतुक झालं. आमचे साहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "उत्तम! आजच लावून टाका." मग बसले. बसल्यावर त्यांना नियम आठवतात. "फक्त सुरक्षा विभागाला विचारून घ्या."

सुरक्षा विभाग म्हणजे एक बाई. हुशार, नीटनेटक्या, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने आपोआप खिसे चाचपावेत.

"हल्ला झालाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण होऊ शकतो."

"झाला की कळवा."

"पण झाल्यावर नेट बंद असेल. कळवणार कसं?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "फोन करा."

मी चिकाटी सोडली नाही. शेवटी असं ठरलं की दुसऱ्या दिवशी कर्नलमधला प्रत्येक बदल मंजूर करणारी बदल समिती बसणार आहे, तिच्यापुढे मी भोक सिद्ध करून दाखवायचं. म्हणजे विक्रीला तयार असलेलं राउटर आधी हल्ला करून पाडायचं, मग ठिगळ लावून तसंच पाडायचा प्रयत्न करायचा, आणि दोन्हींचं चित्रण आणायचं. त्या बैठकीनंतर समिती दीर्घ रजेवर जाणार होती.

"मग आत्ताच इथे करतो," मी म्हणालो.

"ऑफिसच्या नेटवर्कवर हल्ला करायला सक्त बंदी आहे."

"मग कुठे करू?"

"ते मी सांगू शकत नाही. सांगितलं तर सुरक्षा विभागाने हल्ल्याला मदत केली असं होईल."

एवढ्यावर मी आमच्या कंपनीचं एक राउटर काखोटीला मारलं आणि घरी आलो.

योगायोग असा, की त्याच दुपारी मेहुणीची मुलाखत होती. जिथे नोकरी मिळावी म्हणून ती मनापासून धडपडत होती त्या संस्थेची, शेवटच्या फेरीची. सकाळपासून आतल्या खोलीत दिव्याच्या जागा बदलणं चाललं होतं. बायको दुपारच्या शाळेला निघाली होती, तिने माझ्या काखेतलं राउटर बघून मला दारातच थांबवलं. "आज नेटला हात लावायचा नाही."

"मी काय नेटला हात लावतो? माझी परीक्षा बंद वायरीवर आहे. एका टोकाला माझा जुना लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला राउटर, मध्ये वायर. जगाशी काही संबंध नाही."

हे वाक्य ती अजून मला ऐकवते. आवाजही माझाच काढते.

मी टेबलावर मांडामांड करत होतो तेवढ्यात ओव्हरसियरकाका आले. शेजारचंच दार त्यांचं. आयुष्यभर त्यांनी रस्ते आणि पूल बांधण्यावर देखरेख केली. निवृत्त झाल्यावर देखरेखीला पूल उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आमचं घर घेतलं. आमच्याकडे खिळा ठोकायचा झाला तरी काका आधी भिंत टकटक करून बघतात आणि 'हं' म्हणतात. त्या 'हं'चा अर्थ आजवर कुणाला कळलेला नाही, पण त्याशिवाय खिळा ठोकला तर पडतो, असा अनुभव आहे.

"काय, कर्नलसाहेब, कसली जोडणी?"

मी थोडक्यात सांगितलं. काकांचे डोळे चमकले. "भाराची चाचणी! आम्ही पूल झाला की वर भरलेले ट्रक उभे करायचो. मोजमापं सगळी एकीकडे, आणि ट्रक एकीकडे. तुमच्या वायरी मात्र फार अस्ताव्यस्त आहेत."

"राहू दे, काका."

"अहो, साइटवर असा पसारा दिसला असता तर मी काम थांबवलं असतं."

एवढ्यात मेहुणीने आतून हाक मारली. कपाळावर दिव्याची चकाकी येत होती, पडदा किती ओढू, असा प्रश्न होता. मी आत गेलो, पडदा ओढला, मग तोंडच अंधारात गेलं म्हणून परत सोडला, सासूबाईंनी "थोडं हसून बोल" असा सल्ला दिला, त्यावर दोघींचं वाजलं, ते मिटवून मी बाहेर आलो. तेवढ्या वेळात काकांनी सगळ्या वायरी सोडवून, गुंडाळ्या करून, पुन्हा जागच्या जागी खोचल्या होत्या. टेबल दृष्ट लागण्यासारखं दिसत होतं.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आमच्या भिंतीतून एक जादा वायर लोंबकळते. नेटवाल्याने ती कधीतरी सोडली आणि पुढच्या वेळी काढतो म्हणाला. ती थेट खाली मीटरच्या खोलीतल्या, सबंध इमारतीला नेट पुरवणाऱ्या मोठ्या राउटरला जाते. रंग राखाडी. माझ्या वायरींचा रंग राखाडी. पुढचं मी त्या वेळी पाहिलं नाही, वाचकांनी मात्र पाहिलं असेल.

मी चित्रण सुरू केलं, घसा खाकरला आणि लॅपटॉपवरून अर्धवट तुकड्यांचा हल्ला सोडला.

राउटरला काही झालं नाही. दिवा हिरवा, तब्येत ठणठणीत. मी थांबलो. जोर दुप्पट केला. काही नाही. दसपट केला. राउटर माझ्याकडे शांत हिरव्या डोळ्याने बघत राहिलं.

"भक्कम बांधकाम आहे," काका आदराने म्हणाले.

म्हणजे भोक नव्हतंच? उद्या समितीपुढे काय सांगणार? बाई काय म्हणतील? (काही म्हणणार नाहीत, नुसत्या बघतील. तेच वाईट.) मी डोकं धरून खुर्चीत बसलो, हल्ला तसाच चालू, आणि गणित कुठे चुकलं ते आठवू लागलो.

तेवढ्यात आतून किंकाळी आली. "नेट गेलं!"

मेहुणी दारात आली. मुलाखत घेणारी मंडळी पडद्यावर गोठली होती, मधल्याचं तोंड उघडं. "मला विचारत होते, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती? मी म्हणाले, माझी सगळ्यात मोठी चूक... आणि गेलं! भावोजी, त्यांना वाटेल मी पळून गेले!"

"मी काही केलेलं नाही," मी म्हणालो. हे त्या दिवशीचं माझं सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं, आणि सर्वांत खोटंही.

दार उघडलं तर जिन्यात सगळी इमारत. या लोकांना मी नेटचा माणूस नाही हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, पण संकटात कुणी बारकावे बघत नाही. सगळ्यांत पुढे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. ते त्या दिवशी एका वक्तृत्ववर्गात पडद्यावर भाषण करणार होते आणि त्यासाठी केस काळे करत होते. त्यातच वर्गाचा पडदा गोठला. अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं, खांद्यावर टॉवेल.

"कर्नल, खाली चला," ते म्हणाले. त्यांच्या कमरेला मीटरच्या खोलीची किल्ली होती, आणि ती ते अंघोळीलासुद्धा काढत नाहीत अशी ख्याती आहे.

नेटवालाही पोचला होता. हा माणूस कुठल्याही बिघाडाकडे अशा नजरेने बघतो की बिघाडालाच ओशाळं वाटावं. त्याने मोठं राउटर बंद केलं, चालू केलं. वरून कुणीतरी ओरडलं, "आलं!" मधल्या मजल्याने खाली पोचवलं, "आलं!" आम्ही खाली टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष दोन शब्द बोलायला तोंड उघडतात तोच वरून, "गेलं!" मधून, "गेलं!"

पुन्हा बंद, पुन्हा चालू. "आलं!" टाळ्या जरा कमी. "गेलं!"

"लाइनमध्ये ओलावा असणार," नेटवाला म्हणाला.

"ओलावा एवढा वक्तशीर कसा?" काकांनी विचारलं.

मी वाकून राउटरकडे बघितलं, आणि मला ओळख पटली. आमच्याच कंपनीचं! आतला कर्नल आमचाच! दिवे लुकलुकताहेत, उत्तर नाही, चालू केल्यावर जरा वेळ शुद्धीत आणि मग परत समाधीत. हुबेहूब माझं भोक!

"सापडलं!" मी ओरडलो. "हे माझं आहे! मीच शोधलंय हे!"

अध्यक्षांच्या काळ्या अर्ध्या डोक्यातून एक थेंब कानावर ओघळला.

"म्हणजे हे तुम्ही केलंत?"

"छे! मी शोधलं. करणारा दुसराच. कुणीतरी नालायक माणूस या क्षणी मुद्दाम अर्धवट तुकडे पाठवतोय. हा हल्ला आहे."

हल्ला म्हटल्यावर गर्दीचा नूरच पालटला. इतका वेळ नुसता बिघाड होता, आता शत्रू मिळाला. मला वाटलं, आपलं बोलणं आज पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण ऐकून घेतंय. मी वाहवत गेलो. असा माणूस अत्यंत धूर्त असतो, म्हणालो. तो आपल्यातच वावरतो. थंड डोक्याचा असतो. बहुधा घरातच बसून असतो.

सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. सर्वांत वरच्या मजल्यावर एक भाडेकरू बाई राहते. एकटी, पडदे कायम ओढलेले, दार वाजवलं तर साखळी न काढता फटीतून बोलणार. गर्दीत फक्त तीच नव्हती.

"मला आधीपासूनच संशय होता," अध्यक्ष म्हणाले. "संध्याकाळी सभा. घरमालकाला कळवा, खोली रिकामी करून घ्या म्हणावं."

याच क्षणी सासूबाई जिन्याच्या वळणावर आल्या. "जावईबापू, तुमचं ते टेबलावरचं यंत्र मघापासून भुंग्यासारखं गुणगुणतंय. चालू ठेवायचंय का?"

मी इतक्या वेगाने वर धावलो की काकांना वाटलं शत्रू दिसला, आणि तेही मागून धावले. टेबलापाशी पोचून मी वायरीवरून बोट फिरवत गेलो. लॅपटॉप, त्यातून निघालेली राखाडी वायर, टेबलाची कड, भिंत. माझ्या परीक्षेच्या राउटरमध्ये वायरच नव्हती. ते मघापासून निवांत, एकटं, हिरवा दिवा लावून बसलं होतं. कारखान्यातून सगळ्या राउटरना एकच पत्ता घालून पाठवण्याची आमच्या कंपनीची पद्धत, त्यामुळे माझे तुकडे बिनबोभाट मोठ्या राउटरकडे जात होते. दसपट जोराने.

मी वायर उपटली. वळून बघतो तो काका दारात. त्यांनी वायर बघितली, भिंत बघितली. त्यांचा चेहरा असा झाला, जसा पूल कोसळल्याची बातमी वाचून व्हावा. ते घरी गेले.

खालून आवाज आला, "आलं!" आणि या वेळी ते राहिलं. "मी सेटिंग बदललं," नेटवाल्याने जाहीर केलं. लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. भोक शोधणारा मी, हल्ला करणारा मी, हल्ला थांबवणारा मी, आणि थाप त्याला. पण त्या घडीला तक्रार करण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

मेहुणीची मंडळी पडद्यावरून निघून गेली होती. तिने फोन लावून विनवण्या केल्या. ते म्हणाले, कळवू. ती आतल्या खोलीत दिवा न लावता बसली. मी दारात उभा राहून म्हणालो, "अगं, ते माझ्यामुळेच..." तिने मान वर केली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भावोजी, माझी सगळ्यात मोठी चूक कोणती, ते आता मला कळलं. इथे मुलाखतीला बसले ती."

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. अध्यक्षांचं डोकं आता पूर्ण काळं होतं आणि दुपारचं राहिलेलं भाषण त्यांच्या पोटात खदखदत होतं, ते त्यांनी इथे केलं. भाडेकरू बाईंना बोलावलं होतं. त्या एका खांबाजवळ उभ्या राहिल्या.

"तुमचे पडदे कायम बंद का असतात?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी पुस्तकं वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण करते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका सुंदर होता की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. "पडद्यांनी बाहेरचा आवाज अडतो. दार पूर्ण उघडलं तर जिन्यातला आवाज येतो. तेवढंच."

"म्हणायला काय, कुणीही म्हणेल."

बायको माझ्या शेजारी बसली होती. ती शाळेतून घरी आल्याआल्या मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नुसता चष्मा काढला आणि पुसायला घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली की त्याचा अर्थ कळतो. मी उभा राहिलो.

"त्यांनी काही केलेलं नाही. हल्ला माझ्या घरातून झाला. माझ्या लॅपटॉपवरून."

मग जे झालं त्याचं वर्णन मी टाळतो. एवढंच सांगतो की 'अत्यंत धूर्त', 'थंड डोक्याचा' आणि 'घरात बसून असतो' ही माझीच वाक्यं मला तोंडपाठ म्हणून दाखवण्यात आली. 'धूर्त' या शब्दावर बायको हसली, हे मला जास्त लागलं.

"पण वायर भिंतीत गेलीच कशी?" अध्यक्षांनी विचारलं. "कुणी लावली?"

काका शेवटच्या खुर्चीवर गुडघ्यांकडे बघत बसले होते. शेजारी काकू. काकांचे हात गुडघ्यांवर होते आणि त्यांचा एक अंगठा दुसऱ्या हाताला सारखा घासत होता.

"मी," मी म्हणालो.

का म्हणालो ते सांगता येणार नाही. म्हटल्यावर लगेच पश्चात्तापही झाला, कारण नेटवाला मोठ्याने हसला.

सभेने ठराव केला, की ज्याने पाडलं त्याने दुरुस्त करून द्यावं. मी म्हणालो, आनंदाने. दोन ओळी तर आहेत. दुसऱ्या दिवशी समितीपुढे चित्रण ठेवलं. त्यात ठणठणीत राउटर, माझा उतरत जाणारा चेहरा आणि पार्श्वभूमीला "नेट गेलं!" ही किंकाळी, एवढंच होतं. समिती म्हणाली, ठिगळ लावून चाचणी केल्याशिवाय मंजुरी नाही. मी म्हणालो, आमच्या इमारतीत करतो. समिती म्हणाली, मंजुरीशिवाय ग्राहकाच्या राउटरला ठिगळ लावता येत नाही.

समिती रजेच्या बॅगा उचलू लागली.

शेवटी सुरक्षेच्या बाईच म्हणाल्या, "ग्राहकाने स्वतः आग्रह धरला तर?"

आग्रह धरण्यात आमच्या अध्यक्षांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी बाईंना फोन केला. पहिली काही मिनिटं बाई बोलल्या, मग नुसत्या ऐकू लागल्या, आणि मग रजेवर निघालेल्या समितीला अडवून त्यांनी परवानगी मिळवली, ती फोन ठेवता यावा म्हणून.

त्या दिवसांत काका आमच्याकडे फिरकले नाहीत. बायकोने कपाट हलवलं, काका आले नाहीत. नळ गळायला लागला, मी मुद्दाम जिन्यात उभा राहून मोठ्याने नळाला नावं ठेवली, तरी शेजारचं दार उघडलं नाही. काकू भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "खुर्चीत बसून असतात. विचारलं तर म्हणतात, माझ्या हाताचा आता भरवसा नाही." मला घरात पोकळी जाणवायला लागली. ज्या सल्ल्यांना मी आयुष्यभर वैतागलो, त्यातला एखादा सल्ला मिळावा म्हणून मी भिंतीवर एक खिळा विनाकारण ठोकला. पडला.

चाचणीच्या दिवशी मीटरच्या खोलीत राउटरला ठिगळ लावलं. सगळी इमारत आपापल्या घरी पडद्यासमोर बसली. भाडेकरू बाईंनी पहिल्यांदाच पडदे उघडले आणि वरून हात केला. मी लॅपटॉप तयार ठेवला आणि शेजारचं दार वाजवलं.

काकांनीच उघडलं. दाढी वाढलेली.

"काका, भाराची चाचणी आहे. भिंतीतली वायर लावायला माणूस पाहिजे."

"तुम्हीच लावा. तुम्हाला सवय आहे म्हणे," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"मला कुठली भिंतीतली आणि कुठली माझी ते कळत नाही. सगळ्या राखाडी."

ते चष्मा आणायला आत गेले.

काकांनी वायर हातात घेतली, दोन्ही टोकं तपासली, भिंतीवर टकटक केली आणि म्हणाले, "हं." मग खोचली. मी हल्ला सोडला. जोर दुप्पट. दसपट. जिन्याकडे कान लावून आम्ही 'गेलं'ची वाट बघत राहिलो.

काहीच झालं नाही. सगळीकडे नेट चालू. खालून अध्यक्षांचं भाषण अखंड ऐकू येत होतं.

मला वाटलं लोक जल्लोष करतील. पण थोड्या वेळाने दारं उघडून एकेक जण बाहेर आला. चेहरे पडलेले.

"सुरू कधी करणार?" एकाने विचारलं.

"सुरू आहे. झालीसुद्धा."

"पण काहीच झालं नाही!"

"तेच तर व्हायचं होतं."

"मागच्या वेळी जास्त रंगलं होतं," अध्यक्ष म्हणाले, आणि तुलना म्हणून एकदा ठिगळ काढून दाखवाल का, असं विचारलं. मी नम्रपणे नकार दिला.

मेहुणीला त्या संस्थेने पुन्हा बोलावलं. तिने मुलाखत मैत्रिणीच्या घरी बसून दिली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मला पत्ता सांगितला नाही. तोच प्रश्न त्यांनी परत विचारला. तिने सगळी हकिकत सांगितली. ती म्हणते, मधला माणूस इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. नोकरी मिळाली. जाताना ती प्रिंटर इथेच ठेवून गेली. तो चालत नाही.

आता फक्त ठिगळ कर्नलमध्ये कायमचं जोडायचं राहिलं होतं. सुरक्षेच्या बाईंचा फोन आला. "दोन ओळींबरोबर टीप लागते. दोष प्रथम कुणी कळवला, चाचणी कुणी केली. खरी नावं. नियम आहे."

प्रथम कुणी कळवला? माझ्या डोळ्यांपुढे ती किंकाळी आली. मी मेहुणीचं नाव घातलं. चाचणीखाली इमारतीतल्या सगळ्यांचं. बातमी फुटली आणि अध्यक्ष हजर, आपलं नाव पदवीसकट पहिलं हवं म्हणून. तळमजला म्हणाला, मजल्यांच्या क्रमाने घ्या. नेटवाल्याने निरोप पाठवला की सेटिंग त्याने बदललं होतं. भाडेकरू बाई म्हणाल्या, मी सगळी नावं एकदा वाचून दाखवू का? त्यांनी जिन्यात उभं राहून वाचली, त्यांच्या त्या आवाजात, आणि आपलं नाव असं ऐकल्यावर क्रमाबद्दल कुणी काही बोललं नाही. दोन ओळींचा बदल आणि खाली एवढी लांब टीप असं ते प्रकरण सुरक्षेच्या बाईंकडे गेलं. त्यांनी एकही नाव न वगळता मंजूर केलं.

त्या संध्याकाळी काका आले. दाढी केलेली. खुर्चीत बसले, चहा घेतला, कप ठेवला.

"माझंही नाव आहे म्हणे त्यात."

"आहे ना."

"म्हणजे आता जगातल्या सगळ्या यंत्रांत?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण व्यवसायाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. "यंत्रांत नाही, काका. यंत्राच्या इतिहासात. कुणी काय बदललं आणि कुणी तपासलं, त्याची नोंद असते. ती पुसता येत नाही."

"इतिहासात," काका हळूच म्हणाले. मग जरा पुढे वाकले. "नावापुढे निवृत्त असं लिहिलंय का?"

"नाही. चाचणी केली, एवढंच."

काका उठले. तडक घरी निघाले. दोन्ही घरांची दारं उघडीच होती, त्यामुळे पुढचं स्पष्ट ऐकू आलं.

"अगं, ऐकलंस का? मी इतिहासात गेलो!"

आतून काकूंचा आवाज आला, "जाताना कचऱ्याची बादली खाली घेऊन जा."